कॅडमधली शीट आणि कागद: पेज सेटअपपासून प्लॉटपर्यंत

स्क्रीनवर ड्रॉइंग व्यवस्थित दिसतं. प्रिंट हातात आली की उजवीकडची बॉर्डर कापलेली असते, डायमेन्शनचे आकडे भिंग लावून वाचावे लागतात, आणि पट्टी ठेवून मोजलं तर १:१०० चं स्केल १:२०७ निघतं. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेकदा एकच असतं. कागदाचा आकार अगदी शेवटी, प्लॉटच्या (छपाईच्या) खिडकीत, घाईघाईत निवडलेला असतो. तो आधी ठरायला हवा आणि लेआउटच्या, म्हणजे छापायच्या शीटच्या टॅबच्या, पेज सेटअपमध्ये (प्रिंटर, कागद, स्केल यांच्या नोंदीत) जतन व्हायला हवा. स्केलसुद्धा एकाच जागी असावं, व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे शीटवर मॉडेल दाखवणाऱ्या चौकटीत. बाकी सगळं एकास एक: मॉडेल (मूळ ड्रॉइंग) खऱ्या मापात, कागद खऱ्या मिलिमीटरमध्ये, प्लॉटही १:१.

इथे दिलेल्या पायऱ्या ऑटोकॅडच्या आहेत. ब्रिक्सकॅड आणि झेडडब्ल्यूकॅडमध्येही लेआउट, पेज सेटअप, व्ह्यूपोर्ट हीच रचना आहे, मेनूची जागा तेवढी थोडी वेगळी सापडेल.

आधी कागद

आयएसओच्या ए मालिकेत ए० हा ८४१ × ११८९ मिमी, म्हणजे एक चौरस मीटरचा कागद. तो मधोमध कापत गेलं की पुढचे आकार मिळतात: ए१ ५९४ × ८४१, ए२ ४२० × ५९४, ए३ २९७ × ४२०, ए४ २१० × २९७. प्रत्येक आकारात रुंदी आणि लांबीचं गुणोत्तर १ : १.४१४ राहतं, म्हणून एका आकाराचं ड्रॉइंग दुसऱ्यावर प्रमाणात बसतं. एक पायरी खाली आलं की लांबी ०.७०७ पट होते, दोन पायऱ्या खाली आलं की बरोबर निम्मी. ए१ वरचं १:१०० चं ड्रॉइंग ए३ वर १:२०० होतं आणि साध्या स्केलपट्टीने वाचता येतं. ए२ वर तेच १:१४१ होतं, ज्याची पट्टी कुणाकडेच नसते. त्यामुळे छोटी प्रत काढायची तर दोन पायऱ्या खालीच काढा.

अमेरिकी आकारांत ही सोय नाही. आर्क डी २४ × ३६ इंच आणि आर्क सी १८ × २४ इंच, म्हणजे गुणोत्तरच वेगळं. आर्क डीची निम्मी प्रत १२ × १८ इंचाच्या आर्क बीवर बसते. ती ११ × १७ इंचाच्या अ‍ॅन्सी बीवर काढायला गेलं तर दोन्ही बाजूंनी एकेक इंच कमी पडतो, मग कुणीतरी ‘फिट टु पेपर’ला टिक करतं आणि स्केल गेलं. ११ × १७ वर निम्मी प्रत हवी असेल तर मूळ शीट अ‍ॅन्सी डी, म्हणजे २२ × ३४ इंच घ्यावी लागते.

कोणता कागद घ्यायचा हे नजरेने नको, गणिताने ठरवा. समजा इमारतीचा प्लॅन ४६ × २८ मीटर आहे आणि स्केल १:१०० हवं आहे. कागदावर तो ४६० × २८० मिमी होईल. चारही बाजूंना डायमेन्शन आणि ग्रिडचे गोल यांच्यासाठी ४० मिमी धरले तर ५४० × ३६० लागतात. ए१ च्या आडव्या शीटमध्ये डावीकडे फायलिंगसाठी २० आणि बाकी तीन बाजूंना १० मिमी समास सोडला की चौकटीच्या आत ८११ × ५७४ उरतात. उजव्या कडेला १८० मिमी रुंद टायटल ब्लॉकचा (शीटचं नाव, क्रमांक, स्केल लिहायच्या चौकटीचा) पट्टा ठेवला तर ६३१ × ५७४. प्लॅन बसतो, टिपांनाही जागा राहते. ए२ वर हाच हिशोब ३८४ × ४०० वर येतो आणि प्लॅन बसत नाही. १:५० केलं तर प्लॅनच ९२० मिमी लांब होतो, तेव्हा तो दोन शीटवर तोडायचा आणि जोडरेषा दाखवायची, किंवा १:१०० वर समाधान मानायचं. मधलं १:७५ वगैरे निवडू नका.

छापता येणारा भाग

बॉर्डर कापली जाण्याचं खरं कारण हे आहे. लेआउटमध्ये पांढऱ्या कागदावर तुटक रेषेचा आयत दिसतो. तो कागदाची कड दाखवत नाही, निवडलेला प्रिंटर जिथपर्यंत शाई टाकू शकतो ती हद्द दाखवतो. त्याबाहेर काढलेलं काहीही छापलं जात नाही. शिवाय लेआउटचा ०,० हा बिंदू कागदाच्या कोपऱ्यात नसून या तुटक आयताच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात असतो. म्हणून प्रिंटर बदलला की समास बदलतो, समास बदलला की ०,० सरकतो, आणि कालपर्यंत बरोबर असलेली बॉर्डर आज काही मिलिमीटर तिरकी सरकलेली दिसते. अनेक जण मग बॉर्डर उचलून हलवतात. उद्या दुसरा प्रिंटर आला की पुन्हा तेच.

यावरचा पक्का उपाय असा: प्रत्येक शीटचा मुख्य पेज सेटअप ‘डीडब्ल्यूजी टु पीडीएफ’ या प्लॉटरवर बांधा आणि कागद ‘आयएसओ फुल ब्लीड ए१ (८४१ × ५९४)’ घ्या. आकारांच्या यादीत ए१ अनेकदा दिसतो. नुसता ‘आयएसओ ए१’ म्हणजे समास जास्त, ‘एक्सपांड’ म्हणजे समास कमी, ‘फुल ब्लीड’ म्हणजे समास शून्य. समास शून्य असला की ०,० हा कागदाचा खरा कोपरा होतो आणि बॉर्डरचा ब्लॉक ०,० वर टाकला की काम संपलं. कागदावरची प्रिंट नंतर या पीडीएफवरून किंवा वेगळ्या पेज सेटअपने काढता येते.

प्लॉटरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘मॉडिफाय स्टँडर्ड पेपर साइझेस’ या ठिकाणी समास हाताने कमी करता येतो. पीडीएफसाठी ते चालतं. खऱ्या प्रिंटरसाठी तिथे शून्य टाकलं तर तुटक रेषा सरकेल, यंत्र मात्र तिथे शाई टाकणार नाही. कापलेली बॉर्डर मग स्क्रीनवर दिसायचीसुद्धा बंद होते, म्हणजे आधीपेक्षा वाईट.

पेज सेटअप बांधणं

लेआउटच्या टॅबवर राइट क्लिक करून ‘पेज सेटअप मॅनेजर’ उघडा, ‘न्यू’ दाबा आणि नाव द्या. नाव असं द्या की यादीत पाहताच कळेल: ‘ए१-पीडीएफ-काळा’, ‘ए३-निम्मा-पीडीएफ’. मग आत क्रमाने प्लॉटर, कागद, ‘व्हॉट टु प्लॉट’मध्ये ‘लेआउट’, स्केल १:१ आणि एकक मिलिमीटर, प्लॉट स्टाइल (कोणती रेषा कोणत्या रंगात आणि किती जाड छापायची याचा तक्ता), शेवटी आडवं की उभं. ‘लेआउट’ निवडल्यावर ‘फिट टु पेपर’ आणि ‘सेंटर द प्लॉट’ हे दोन्ही पर्याय मंद होतात. हे चांगलंच आहे, चुकून टिक पडायला वावच राहत नाही.

ओके करून बाहेर आल्यावर थांबू नका. नुसता सेटअप तयार केल्याने तो लेआउटला लागत नाही. यादीत तो निवडून ‘सेट करंट’ दाबावं लागतं, आणि लेआउटच्या नावापुढे कंसात सेटअपचं नाव आलं की समजायचं लागला.

दुसऱ्या ड्रॉइंगमधले सेटअप आणायचे असतील तर त्याच खिडकीत ‘इम्पोर्ट’ आहे, कमांड पीसेटअपइन. लक्षात ठेवा की मॉडेल टॅबमध्ये बनवलेले सेटअप लेआउटच्या यादीत दिसत नाहीत आणि लेआउटचे मॉडेलमध्ये दिसत नाहीत. ‘सेटअप गायब झाला’ असं वाटतं तेव्हा तो बहुधा दुसऱ्या बाजूला बसलेला असतो.

हे सगळं एकदाच करा आणि डीडब्ल्यूटी टेम्पलेटमध्ये ठेवा: ए१, ए२, ए३ असे तीन लेआउट, प्रत्येकात बॉर्डर, टायटल ब्लॉक, एक रिकामा व्ह्यूपोर्ट आणि लावलेला पेज सेटअप. चालू ड्रॉइंगमध्ये लेआउट टॅबवर राइट क्लिक करून ‘फ्रॉम टेम्पलेट’ म्हटलं की तयार शीट येते. आधीच्या शीटसारखी दुसरी हवी असेल तर ‘मूव्ह ऑर कॉपी’मध्ये ‘क्रिएट अ कॉपी’ला टिक करा, पेज सेटअपही सोबत येतो. ‘ऑप्शन्स’च्या ‘डिस्प्ले’ टॅबमध्ये नव्या लेआउटमध्ये आपोआप व्ह्यूपोर्ट टाकण्याचा पर्याय असतो, तो बंद करून ठेवा. तो व्ह्यूपोर्ट कुठल्याही स्केलला असतो आणि चुकीच्या लेयरवर बसतो.

व्ह्यूपोर्ट आणि स्केल

व्ह्यूपोर्टसाठी स्वतंत्र लेयर करा आणि लेयर यादीतलं प्रिंटरचं चिन्ह बंद करा. चौकट स्क्रीनवर दिसेल, प्रिंटमध्ये येणार नाही. यासाठी डेफपॉइंट्स लेयर वापरण्याची सवय बऱ्याच जणांना आहे. काम भागतं, पण त्या लेयरवर डायमेन्शनचे बिंदू आपोआप जमा होत असतात, त्यात आपल्या चौकटी मिसळू नयेत.

एमव्ह्यू कमांडने चौकट काढा, आत डबल क्लिक करा, खालच्या पट्टीतून स्केल निवडा. यानंतर फक्त पॅन. चाक फिरवून झूम केलं की स्केल मोडलं, आणि यादीत १:१०० ऐवजी ०.००९७ सारखं काहीतरी दिसू लागतं. प्लॅन जागेवर आला की बाहेर डबल क्लिक करून बाहेर या, चौकट निवडा आणि स्टेटस बारवरच्या कुलपाने व्ह्यूपोर्ट लॉक करा. लॉक असताना आत जाऊन झूम केलं तरी सगळी शीट हलते, स्केल हलत नाही. लॉक न केलेला व्ह्यूपोर्ट शीटवर ठेवूच नये.

एककांत गल्लत होते ती इथे. यादीतलं १:१०० म्हणजे कागदावरचं एक एकक बरोबर मॉडेलची शंभर एककं. मॉडेल मिलिमीटरमध्ये असेल तर ते खरं १:१०० आहे. मॉडेल मीटरमध्ये काढलं असेल तर यादीतलं १:१०० लावल्यावर प्लॅन ठिपक्याएवढा होतो, कारण प्रत्यक्षात ते १:१,००,००० झालेलं असतं. मीटरच्या मॉडेलला १:१०० साठी कागदाची १० एककं बरोबर ड्रॉइंगचं १ एकक असं स्केल लागतं, १:५० साठी २० बरोबर १. मॉडेल इंचात आणि कागद मिलिमीटरमध्ये असेल तर १:१०० साठी ०.२५४ बरोबर १. स्केललिस्टएडिट कमांडने ही स्केल यादीत घाला आणि नावात एकक लिहा, ‘१:१०० मीटर’ असं, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होत नाही. बाहेरून आलेल्या फायलींमधून ही यादी कधीकधी शेकडो निरर्थक स्केलनी भरते आणि ड्रॉइंग जड होतं. त्याच खिडकीतलं ‘रीसेट’ ती साफ करतं, तुमची स्वतःची स्केल मात्र त्यानंतर पुन्हा घालावी लागतात.

मजकूर अ‍ॅनोटेटिव्ह (स्केलप्रमाणे स्वतःची उंची बदलणारा) असेल तर व्ह्यूपोर्टचं अ‍ॅनोटेशन स्केल आणि व्ह्यूपोर्टचं स्केल एकच असायला हवं. दोन्ही वेगळी झाली की मजकूर चुकीच्या उंचीचा दिसतो किंवा दिसेनासा होतो. दिसेनासा झाला तर आधी हे तपासा, लेयर नंतर.

तुटक रेषा एका व्ह्यूपोर्टमध्ये तुटक आणि दुसऱ्यात सलग दिसत असतील तर पीएसएलटीस्केल १ करा, एलटीस्केलही १ ठेवा आणि रीजनऑल द्या.

ए१ ची शीट ए३ वर

साइटवर हाताळायला किंवा तपासणीला ए३ ची प्रत लागतेच. त्यासाठी लेआउटचा कागद बदलून ए३ करू नका. कागद छोटा होईल, बॉर्डर ए१ चीच राहील आणि ती कागदाबाहेर लोंबकळेल. त्याच लेआउटवर दुसरा पेज सेटअप बांधा: कागद ‘फुल ब्लीड ए३ (४२० × २९७)’, ‘व्हॉट टु प्लॉट’मध्ये ‘विंडो’, कोपरे टाइप करून ०,० आणि ८४१,५९४, स्केल १:२, ‘सेंटर द प्लॉट’ला टिक. ‘एक्स्टेंट्स’नेही होतं, पण बॉर्डरबाहेर कुठे एखादी भटकी रेषा किंवा बिंदू राहिला असेल तर सगळं मध्यापासून सरकतं. हा सेटअप लेआउटवर ‘सेट करंट’ करून ठेवू नका, छापताना प्लॉटच्या खिडकीत वरच्या यादीतून निवडा.

‘फिट टु पेपर’ इथे मोह घालतं, कारण बॉर्डर पूर्ण येते. पण प्रिंटरचा समास चारही बाजूंना ५ मिमी असेल तर ए३ वर ४१० × २८७ एवढीच जागा उरते आणि आख्खी ए१ शीट त्यात ०.४८३ पटीने बसवली जाते. सुरुवातीला सांगितलेलं १:२०७ हे इथून येतं. १:२ ठेवलं तर कागदाच्या कडा छापता येणाऱ्या भागाबाहेर जातात, तिथे कोरा समासच असतो. चौकटीची रेषा डावीकडे १० आणि बाकी बाजूंना ५ मिमीवर येते. म्हणजे प्रिंटरचा समास ५ मिमीपेक्षा कमी असेल तर चौकट सुटते. समास त्याहून जास्त असेल तर मूळ ए१ ची चौकटच थोडी आत घ्या, १० ऐवजी १५ मिमी.

मजकुराचा विचार याच वेळी करायचा. ए१ वर २.५ मिमी उंचीचा आकडा ए३ वर १.२५ मिमी होतो, म्हणजे वाचण्याच्या पलीकडे. निम्मी प्रत फिरणार हे माहीत असेल तर ए१ वर लहानात लहान मजकूर ३.५ मिमी ठेवा, ए३ वर तो १.७५ होईल आणि कसाबसा पण वाचता येईल. रेषांची जाडी १:२ ने आपोआप कमी होत नाही. ०.५ मिमीची रेषा ए३ वरही ०.५ च राहते आणि दाट हॅच (रेषांची भरण) काळा डाग होतो. प्लॉटच्या खिडकीत ‘स्केल लाइनवेट्स’ला टिक केलं की जाडीही निम्मी होते. मात्र मग ०.१३ ची रेषा ०.०६५ वर जाते आणि बऱ्याच प्रिंटरवर ती फिकी पडते. निम्म्या प्रतीसाठी ए१ वर सगळ्यात बारीक रेषा ०.१८ ठेवणं बरं.

टायटल ब्लॉकमध्ये नुसतं ‘स्केल १:१००’ लिहू नका. ‘१:१०० (ए१), १:२०० (ए३)’ असं लिहा आणि शेजारी आलेखी स्केलपट्टी काढा. आकडा कागदासोबत बदलत नाही, पट्टी बदलते.

प्लॉट स्टाइल

ड्रॉइंगच्या फायलीत सीटीबीचं (रंगांवर चालणाऱ्या प्लॉट स्टाइलच्या फायलीचं) फक्त नाव असतं, आतली माहिती नसते. दुसऱ्या संगणकावर ती सीटीबी नसेल तर शीट रंगीत आणि भलत्याच जाडीत छापली जाते. फाइल पाठवताना ईट्रान्समिट वापरा, त्यात सीटीबी, एक्सरेफ (जोडलेली बाहेरची ड्रॉइंग) आणि फॉन्ट एकत्र बांधता येतात. एखादं ड्रॉइंग सीटीबीऐवजी एसटीबी (नावांवर चालणारी स्टाइल) मागत असेल तर यादीत तुमची नेहमीची स्टाइल दिसणारच नाही, कन्व्हर्टपीस्टाइल्सने ते बदलता येतं.

सगळ्या शीट एकदम

दहा-वीस लेआउट एकेक करून प्लॉट करणं म्हणजे एखादी चुकणार हे नक्की. पब्लिश कमांड उघडा, मॉडेल टॅब यादीतून काढा, शीट क्रमाने लावा, सगळ्या निवडून पेज सेटअपच्या रकान्यात हवा तो सेटअप एकदम द्या. एकच पीडीएफ हवी की प्रत्येकाची वेगळी हे ‘पब्लिश ऑप्शन्स’मध्ये ठरतं. पब्लिश मुळात पार्श्वभूमीत चालतं, आणि एखादी शीट अडली तर कारण लवकर कळत नाही. बॅकग्राउंडप्लॉट ० करून पुन्हा चालवा.

शीट अनेक फायलींत विखुरलेल्या असतील तर शीट सेट मॅनेजर लावण्याचे कष्ट वसूल होतात. टायटल ब्लॉकमधला शीट क्रमांक आणि शीर्षक ही फील्ड (आपोआप बदलणारा मजकूर) केली की मधे एखादी शीट घुसवल्यावर क्रमांक हाताने लिहावे लागत नाहीत. शीट सेटच्या गुणधर्मांत पेज सेटअप ओव्हरराइडसाठी डीडब्ल्यूटी फाइल देता येते. तीत वरचा ए३ चा सेटअप ठेवला की आख्खा संच निम्म्या आकारात निघतो आणि एकाही लेआउटला हात लागत नाही. दहाच्या आत शीट असतील तर पब्लिश पुरतं.

रोल प्लॉटर आणि लांब शीट

रोल साधारण २४, ३६ आणि ४२ इंचांचे असतात, म्हणजे ६१०, ९१४ आणि १०६७ मिमी. ए१ ची ५९४ ची बाजू २४ इंची रोलवर आडवी बसते आणि ८४१ मिमी कागद लागतो. ३६ इंची रोलवर ८४१ ची बाजू आडवी ठेवली तर ५९४ मिमीच लागतो. प्लॉटर आपोआप फिरवत नसेल तर ड्रायव्हरमध्ये फिरवण्याचा पर्याय शोधा, बऱ्याच कागदाची बचत होते. बरोबर ८४१ मिमीच्या रोलवर ए० कडेपर्यंत छापता येत नाही, समास आतूनच जातो. त्यासाठी ९१४ चा रोल घेऊन नंतर कापावं लागतं.

रस्ता किंवा पाइपलाइनच्या लांब सेक्शनसाठी प्रमाण आकार पुरत नाही. प्लॉटरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कस्टम पेपर साइझेस’, मग ‘अ‍ॅड’, ‘स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच’, मिलिमीटर, उदाहरणार्थ १७८२ × ४२०, समास, नाव. ही माहिती पीएमपी फायलीत जाते आणि पीसी३ (प्लॉटरच्या मांडणीची) फाइल तिच्याकडे बोट दाखवते. पीसी३ दुसऱ्याला देताना पीएमपी विसरली की त्याच्याकडे तो कागद यादीत नसतो आणि लेआउट आपोआप दुसऱ्याच आकारावर जातो. विंडोजच्या प्रिंटरला असे आकार बहुधा त्याच्या स्वतःच्या ड्रायव्हरमधूनच द्यावे लागतात.

पीडीएफवरून छापताना पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रामच्या प्रिंट खिडकीत ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ निवडा. तिथे ‘फिट’ असलं तर इतकी मेहनत शेवटच्या क्लिकला वाया जाते. बॉर्डरच्या एका कोपऱ्यात बरोबर १०० मिमीची बारीक रेषा कायम ठेवा आणि पहिली प्रत निघाली की तीवर स्टीलची पट्टी टेकवा. ए१ वर १००, ए३ वर ५०. ९६ किंवा ९७ भरलं तर कुठेतरी ‘फिट’ लागलेलं आहे, आणि ४८ भरलं तर ते ए३ च्या पेज सेटअपमध्ये शोधा.